उतरलो म्हणेपर्यंत

१

अभिमन नेहेते सकाळी उठून आधी देवाचं नाव घ्यायचा नाही, आधी डिझेलच्या टाकीत पट्टी घालायचा. मग इंजिनाचं ऑइल, मग रेडिएटरचं पाणी, मग बॅटरी आणि सगळ्यात शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाच्या पाण्याची एक बादली. एवढं झालं की जनरेटरच्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "चल गं म्हातारे," आणि म्हातारी खोकत खोकत उठायची. भुसावळला असली यंत्रं सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले होते. देव रुसला तर समजूत काढता येते, बॅटरी रुसली तर नाही, असं त्याचं मत होतं.

एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात मोहदर पेटलं होतं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव. वरली आळी आणि खालली आळी, मधे एक जुनी विहीर. त्या विहिरीवर वरल्यांनी बसवलेली मोटर राहू द्यायची की काढायची, एवढ्यावरून एका सकाळी दोन्ही आळ्या एकमेकींवर धावून गेल्या. साठ घरं जळाली. विजेचे खांब आडवे झाले, ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला. वरल्या आळीचा भिकन आणि खालल्या आळीचा वना, दोघं त्या दिवसापासून बेपत्ता होते. पोलिसांनी नदी पाहिली, जंगल पाहिलं, माणूस सापडला नाही. उरलेलं गाव तालुक्याच्या शाळेत जाऊन पडलं. सरकारनं पत्रे दिले, नवी बोअर पाडली, टाकी बांधली. नवे खांब उभे राहायला मात्र दोन महिने लागणार होते, तोवर उजेड आणि पाणी कोण देणार? म्हणून धुळ्याच्या एका ठेकेदाराचा जनरेटर ट्रॉलीवर घालून अभिमन आला होता.

अर्थिंगसाठी, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा पाईप पुरायला, जागा शोधताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. जिथं पहार मारावी तिथं मुरूम. शेवटी दोन आळ्यांच्या मधोमध त्याला ती जुनी विहीर दिसली. विहीर कसली, जळक्या घरांचा राडारोडा ढकलून सरकारी बुलडोझरनं ती तिसऱ्याच दिवशी बुजवून टाकली होती. अभिमन खूश झाला. अर्थिंगला काय लागतं? ओल लागते आणि कोळसा लागतो. इथं खाली पाण्याची ओल होती, आणि जळक्या तुळयांचा कोळसा तर फुकटचा. पहार लोण्यात जावी तशी आत गेली. दहा फुटी पाईप उभा केला, मीठ ओतलं, तार जोडली आणि हात झटकले.

हाताखालच्या दोन गड्यांना त्यानं पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. तारेवर काम करायला जाणाऱ्यानं आधी लाइन बंद करून घ्यायची, आणि काम झालं की त्यानंच येऊन म्हणायचं, "उतरलो." खांबावर असो, छपरावर असो की विहिरीत असो, शब्द तोच. दुसऱ्या दहा जणांनी शपथा घेऊन सांगितलं तरी त्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय लाइन चालू करायची नाही.

"आनि तो मानूस घर चालना गया तं?" एका गड्यानं थट्टेनं विचारलं.

"तर घरी जाऊन त्याला उठवून आणायचं," अभिमन म्हणाला. तो हसला नाही.

त्याच संध्याकाळी भिकनची बायको सुंदरबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. शाळेतून सगळ्यांच्या आधी ती परतली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"मिस्तरी भाऊ, आखाजीले मन्ही पोर सासरथून येई. गावमा दिवा नही, पानी नही. तिले कोठे बसाडू?"

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा माहेरवाशिणींचा सण. झोके बांधायचे, गाणी म्हणायची. तिला एक दुसरी बाजूही आहे: त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ज्याची घागर भरली तो गेला, हे घरानं कबूल केलं. सुंदरबाईनं पोरीचं नाव काढलं, घागरीचं काढलं नाही. अभिमननं ते ओळखलं.

"आखाजीला पंचवीस दिवस आहेत ताई," तो म्हणाला. "तोवर हा सेट एक दिवस बंद पडणार नाही. माझा शब्द."

शब्द देऊन बसला खरा. पाणी थांबलं तर टाकीपाशी पुन्हा कुऱ्हाडी निघतील, हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

२

पहिले चार दिवस खड्ड्याला एक बादली पुरली. पाचव्या दिवशी बादली ओतून अभिमन वळतो न वळतो तोच खड्डा कोरडा. त्यानं दुसरी ओतली. तीही गेली. बुडबुडे आले नाहीत, माती फसफसली नाही. पाणी कडेनं न जिरता मधोमध सरळ खाली गेलं.

बुजवलेली विहीर आहे, खाली पोकळ्या असतील, त्यानं मनाशी म्हटलं. चैत्राचं ऊन, काळी माती, मोठाल्या भेगा. पाणी जाणार नाही तर काय करणार?

आठव्या दिवशी चार बादल्या लागल्या, दहाव्या दिवशी सात. गडी कुरकुरू लागले. तेव्हा सुंदरबाई आपणहून पाणी आणू लागली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. ओतताना तिची बडबड चालायची.

"काय पेस हाऊ खड्डा! बैलबी इतलं पानी पेत नही."

"उन्हाळा आहे ताई."

"उन्हाळा तं आम्हलेबी शे."

सेट सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास चाले. दुपारी म्हातारी गप्प झाली की गावावर अशी शांतता पडे की पत्रे तापून तडकल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटे. अशाच एका दुपारी अभिमननं खड्ड्यात बादली ओतली आणि तो विडी पेटवायला थांबला. खालून आवाज आला. पाणी दगडावर पडल्याचा नव्हता तो, मातीत मुरल्याचाही नव्हता. घटक, घटक, घटक. मग जरा थांबून पुन्हा.

शेतावरून दमून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो तेव्हा असाच आवाज येतो. त्यानं विडी पेटवली नाही. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याला भान आलं.

पाईपात हवा अडकली असेल, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. मग मुकाट्यानं जाऊन आणखी एक बादली भरून आणली.

३

गाव हळूहळू परतत होतं. पत्र्याची घरं उभी राहिली, चुली पेटल्या, गिरणी सुरू झाली. भांडणाची धग मात्र गेलेली नव्हती. "त्यासना तारवरला उजेड आम्हले नको," असं दोन्ही आळ्यांनी त्याला निक्षून सांगितलं होतं. मग अभिमननं तात्पुरते खांब रोवून दोन वेगवेगळ्या तारा ओढून दिल्या, एक वर, एक खाली. सगळे खूश. पण वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं, आणि परतीची तार दोघांना मिळून एकच होती. हे त्यानं गावात कुणालाच सांगितलं नाही. शहाण्यानं सगळंच सांगू नये.

ती परतीची तार तुटली तर फार वाईट. मग एका आळीचे दिवे भगभगून फुटतात आणि दुसऱ्या आळीचे विझत जातात. एकाचं ओढून दुसऱ्याला, असा तो प्रकार. म्हणून अभिमन दर चार दिवसांनी तार डोळ्यांखालून घालायचा.

चौदाव्या दिवशी तो शिडी लावून मधल्या खांबावर चढला आणि चढल्या जागी थबकला. परतीच्या तारेचा सांधा जळून गेला होता. दोन्ही टोकं लोंबत होती. एका टोकावर चिमणीनं काड्या आणून ठेवायला सुरुवात केली होती. म्हणजे तार आज तुटलेली नव्हती, निदान तीन दिवस झाले होते.

आणि तीन दिवस दोन्ही आळ्यांचे दिवे एकसारखे जळत होते.

खांबाला मिठी मारून तो हिशेब करत राहिला. तारेनं परत येत नसेल तर वीज जमिनीतून येत असणार. खांबांना खाली अर्थिंग होतं, सेटला त्या विहिरीतलं. मधली सगळी जमीनच तार झाली असं धरलं तर जमतं. पण त्यासाठी खड्डा असा हवा की जो पुस्तकातसुद्धा सापडायचा नाही. दोन आळ्यांचा सगळा भार तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्या एका पाईपानं पेलला होता.

त्यानं तार जोडली, खाली येऊन "उतरलो" म्हटलं आणि दिवा लावून अर्थिंग तपासलं. दिवा लख्ख पेटला. आयुष्यात इतकं चांगलं अर्थिंग त्यानं पाहिलं नव्हतं, आणि त्याला त्याचा आनंद झाला नाही.

दुपारी म्हातारी बंद होती. सगळ्या तारा सोडवलेल्या होत्या. तरी त्यानं आधी हाताची मागची बाजू पाईपाला लावून पाहिली, जुनी सवय. मग मूठ आवळली. पाईपात थरथर होती. विजेचा झटका त्याला ओळखता येई, इंजिनाचं हादरणंही. हे दोन्ही नव्हतं. बैलगाडी उतारावर कुणीतरी मागून धरून ठेवावी आणि त्याचे दंड थरथरावेत तशी ती थरथर होती. न थांबणारी, न वाढणारी.

सेट उचलून दुसरीकडे न्यावा? एक दिवस बंद ठेवावा लागेल. आणि आखाजीला अकरा दिवस होते.

"नाही," अभिमन म्हणाला, आणि पंधरा बादल्या ओतल्या.

४

विहिरीत बादली पडली की गावाकडे लोक आरसा आणतात. ऊन आरशात धरायचं आणि आत सोडायचं, तळ दिसतो. अभिमनला हे माहीत होतं, पण करायचं धाडस होत नव्हतं. आखाजीला सहा दिवस असताना खड्ड्यातला कोळसा खचला आणि पाईपाच्या कडेला वीतभर रुंदीचं भोक पडलं. मग त्यानं ट्रॅक्टरचा आरसा काढून आणला. भर बारा वाजता खड्ड्याच्या काठावर पालथा झाला आणि उन्हाचा कवडसा आत सोडला.

आधी कोळसा दिसला. मग जळक्या तुळईचं टोक, फुटकी मडकी, कुणाच्या तरी दाराची कडी. त्याखाली पोकळी. कवडसा पोकळीत उतरला आणि मातीच्या दोन पणत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसल्या. काळ्या, ओल्या. वरून थेंब थेंब पाणी त्यांत गळत होतं.

पणत्या इतक्या मोठ्या कुठल्या, असं त्याच्या मनात आलं. आणि तेवढ्यात त्यांच्या कडा हलल्या.

त्या ओंजळी होत्या. वर धरलेल्या. पाणी गळून जाऊ नये म्हणून बोटं एकमेकांना घट्ट चिकटली आणि पुन्हा स्थिर झाली. एका मनगटावर पांढरं काहीतरी चमकलं. दुसऱ्या ओंजळीत एक बोट कमी होतं, तिथून पाणी निसटत होतं आणि शेजारची ओंजळ ते खालून झेलत होती.

त्यांच्या मागून पाईप आणखी खाली गेला होता. तिथं, अगदी खाली, पाईपाला कसलीतरी जाड गाठ मारल्यासारखी दिसली. ती नीट पाहायला त्यानं आरसा तिरपा केला, आणि घामानं ओला झालेला आरसा हातातून सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आला नाही.

पाठीमागे सुंदरबाई हंडा घेऊन उभी होती.

"काय दखायनं, भाऊ?"

अभिमन उठून बसला. खोटं बोलायला त्याला जमलं असतं, पण त्यानं तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि तो हाताची माती झटकत राहिला.

"कडं व्हतं का?" तिनंच विचारलं. "चांदीनं?"

"होतं."

"कोनता हातमा?"

"उजव्या."

तिनं हंडा खाली ठेवला. फार जपून ठेवला, एक थेंब हिंदकळू दिला नाही.

"आनि दुसरा? त्यानं बोट तुटेल व्हतं का?"

"हो."

"तो वना," ती म्हणाली. वनाचं नाव वरल्या आळीत गेल्या दीड महिन्यात कुणी शिवी न देता घेतलं नव्हतं. "दोन्ही जोडे-जोडे शेतस?"

"शेजारी शेजारी."

"भांडतस का?"

"नाही ताई. पाणी पितात."

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती तिथंच मातीत बसली. अभिमनलाही हुंदका आला, आणि तो त्यानं लपवला नाही.

मग तिनं डोळे पुसले. "आते पोलीस बलावशात तं काय व्हई?"

काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. वरले म्हणतील खालल्यांनी ढकललं, खालले म्हणतील वरल्यांनी. पत्र्यांना आग लागत नाही, पण पत्र्याखालच्या माणसांना लागते.

"आखाजी होई जाऊ दे," ती म्हणाली. "मंग काय करनं ते करजो. पन तवर पानी बंद करू नको."

तिनं हंडा उचलून खड्ड्यात रिता केला. मग रिकामा हंडा काखेत घेऊन विहिरीला वळसा घातला आणि खालल्या आळीत शिरली. मार्चपासून वरल्या आळीचं कुणी ती हद्द ओलांडून गेलं नव्हतं. वनाची आई प्रमिलाबाई दारात धान्य पाखडत होती. दोघींमधे काय बोलणं झालं ते अभिमनला ऐकू आलं नाही. पाखडायचा आवाज थांबला, एवढंच त्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यावर दोन हंडे येऊ लागले.

५

आखाजीच्या आदल्या दुपारी लीलाधर सायकलवरून आला. दोन कोसांवरच्या सबस्टेशनात तो ऑपरेटर होता. सडपातळ, चष्मेवाला, वही काखेत मारल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. नवे खांब उभे राहिले होते, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोहदरची लाइन चालू करायचा हुकूम निघाला होता.

"सुटलात तुम्ही, अभिमनभाऊ," चहा घेताना तो म्हणाला. "पंचवीस दिवसांत एकदाही बंद नाही! धुळ्यापर्यंत तुमचं नाव गेलंय."

"माझं नाही ते," अभिमन म्हणाला. आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

लीलाधरनं चहा संपवला, पण उठला नाही. "एक गोष्ट आहे. कुणाला बोललो नाही. माझ्या वहीत ही लाइन अजून एका माणसाच्या नावावर आहे."

"कुणाच्या?"

"रुपसिंग पावरा. एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर वायरमन होता, पहाडातला. त्या सकाळी भांडण मिटावं म्हणून विहिरीतली मोटर सोडवायचं ठरलं होतं. नऊ वीसला त्यानं माझ्याकडून लाइन बंद करून घेतली आणि खाली उतरला. पुढं गाव पेटलं." लीलाधर चष्मा पुसू लागला. "उतरलो म्हणून सांगायला तो परत आलाच नाही. ठेकेदार म्हणाला, पळाला असेल घाबरून. त्याची आई आली होती एकदा चालत. गुंताबाई. तिलाही तेच सांगितलं. बेपत्ता म्हणून त्याचं नाव कुणी लिहिलंच नाही. आता वरून म्हणतात, नोंद रद्द कर. पण हात होत नाही."

अभिमननं बशी खाली ठेवली. पाईपाच्या तळाशी मारलेली ती गाठ त्याच्या डोळ्यांपुढे आली. विहिरीत मोटरचाही पाईप असतो. वर दगड पडायला लागले, माणसं पडायला लागली, तर खालचा माणूस काय धरील?

पण तो पाईप वेगळा, हा वेगळा. हा तर मी स्वतः पुरला. असं त्याच्या बुद्धीनं त्याला सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे बरोबरच सांगितलं. तरी ती गाठ डोळ्यांपुढून हलेना.

६

आखाजी झाली. लिंबाला झोके बांधले गेले. सुंदरबाईची पोर आली, खालल्या आळीच्याही चार-पाच आल्या. म्हातारी त्या दिवशी सकाळपासून धडधडत होती. टाकी भरलेली, गिरणी चालू, पुरणाचा वास दोन्ही आळ्यांतून एकसारखा येत होता.

दुपारी सुंदरबाई नवी घागर घेऊन आली. वर खरबूज, सांजोरी, सगळं रीतीप्रमाणे. कपाळ मोकळं होतं. शेजारी प्रमिलाबाई, तिच्या हातात तशीच घागर. मागे दोन्ही आळ्यांतली माणसं उभी राहिली, थोडं अंतर राखून, पण उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. इतके दिवस त्या दोघींना एकत्र पाणी ओतताना सगळं गाव पाहत होतं, आणि गावाला वाटतं तितकं काही गावापासून लपत नाही.

दोघींनी एकदम घागरी ओतल्या. खालून तो आवाज आला. घटक, घटक. मग थांबला. पाणी वर चढू लागलं, काठोकाठ आलं आणि खड्ड्याच्या तोंडाशी येऊन स्थिर उभं राहिलं.

"धायनात," प्रमिलाबाई म्हणाली. पोट भरलं त्यांचं.

अभिमननं शब्द पाळला होता. त्याला हलकं वाटायला हवं होतं. सगळे पांगल्यावर त्यानं सेट बंद केला, तारा सोडवल्या आणि पाण्यातून हात घालून पाईप धरला. थरथर होती तशीच होती.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गडी पाईप उपटायला लागले. हलवून पाहिला, पाणी सोडून पाहिलं. तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं करून साखळीची कप्पी लावली, गावातले चौघे मदतीला घेऊन सहा जण ओढू लागले. साखळी कुरकुरली, तिकाटण्याचे पाय मातीत रुतले. पाईप बोटभर वर आला, आणि गड्यांच्या देखत तेवढाच पुन्हा खाली गेला.

"राहू द्या," अभिमन म्हणाला. "कुणी हात लावू नका." त्यानं एका गड्याची सायकल घेतली आणि सबस्टेशनाची वाट धरली.

लीलाधर घड्याळाकडे बघत बसला होता. साडेसात झाले होते.

"दहाचा हुकूम आहे, भाऊ. मला इथून हलता येत नाही."

"तुझ्या वहीत माणूस लाइनवर आहे की नाही?"

"नोंद आहे. पण माणूस..."

"आहे की नाही?"

"आहे."

"मग चालू करशील?"

लीलाधरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अभिमनभाऊ, तो गेलाय हो. दोन महिने झाले."

"त्याला कुणी सांगितलं?" अभिमनचा आवाज चढला. "पंचवीस दिवस माझा सेट कुणी धरून ठेवला? वर काय झालं ते त्याला ठाऊक नाही. लाइन त्याच्या नावावर आहे आणि कुणी त्याला हाक मारली नाही, एवढंच तो जाणतो. पळाला म्हणे! मी चाळीस वायरमन हाताखाली पाहिले, त्यातला लाइन नावावर ठेवून पळालेला एक तरी दाखव."

लीलाधर उठला. त्यानं वही काखेत मारली.

आठ वाजून गेले होते तेव्हा दोघं खड्ड्यापाशी उभे राहिले. गड्यांना अभिमननं लांब पाठवलं. ऊन चांगलं वर आलं होतं, झोक्यावरच्या पोरी गात होत्या. लीलाधरनं वही उघडली आणि कचेरीत वाचतात तसं वाचलं.

"मोहदर. विहिरीवरची मोटर सोडवणे. लाइन बंद करून घेणार, रुपसिंग पावरा. वेळ, सकाळी नऊ वीस."

अभिमन गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी पाईप धरला आणि तोंड खड्ड्याशी नेलं.

"रुपसिंग! ए दादा! मी अभिमन, वरून बोलतोय. लाइन बंदच आहे. काम झालं तुझं. ते दोघं पाणी पिऊन गेले. आता कुणी दगड मारत नाही, पोरी गातात बघ." त्यानं पाईपाला कपाळ टेकलं. "उशीर झाला आम्हाला. सोड आता. उतर."

काही झालं नाही. झोक्याची कडी करकरत होती.

मग मुठीतली थरथर कमी होत गेली. एकदम नाही. दमलेला माणूस एकेक बोट सोडवतो तशी. आणि थांबली.

अभिमननं ओढलं. कप्पी नाही, साखळी नाही, दहा फुटी पाईप लोण्यातून यावा तसा वर आला आणि त्याच्या मांडीवर आडवा झाला. लीलाधर पेन उघडून उभा होता.

"काय लिहू?"

"उतरला म्हणून लिही. वेळ टाक."

लीलाधरनं घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. "आणि पुढं?"

"पुढं पोलीस, पंचनामा, जे व्हायचं ते होऊ दे. दोघी बाया एका जागी उभ्या आहेत, आता गाव पेटत नाही. दुपारच्या गाडीनं मी पहाडात जातो. त्याच्या आईला सांगायला हवं, तुझा पोरगा पळाला नव्हता."

मग त्यानं पाईपाकडे पाहिलं. सबंध पाईपावर मिठानं पुटं चढली होती आणि गंजानं तो तांबडा झाला होता. खालच्या टोकाशी मात्र, एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढ्या जागेत, लोखंड घासून लखलखीत झालं होतं, जुन्या कुदळीचा दांडा होतो तसं. अभिमननं तिथं तळवा ठेवला. बाकी पाईप ओल्या मातीनं गार पडला होता. तेवढी जागा कोमट होती.